चौदा महिन्यांत बदली झाली: डॉक्टरांनी मॅटमध्ये काय घेऊन जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका शासकीय रुग्णालयात गट-अ वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉक्टरबाई लिहितात: इथे रुजू होऊन चौदा महिने झाले. ऑगस्टमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बदलीचा आदेश आला, कारण ‘प्रशासकीय’. त्याच संध्याकाळी एकतर्फी कार्यमुक्त केले. मुलगा दहावीत, आईचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पती महापालिकेत नोकरीला. कोर्टात गेले तर जिंकेन का? तोवर रुजू व्हावे की नाही? सहकारी म्हणतात आमदारांचे पत्र आणा, आणू का?

डॉक्टर, मी एकवीस वर्षे मुंबईत सेवाविषयक प्रकरणे चालवतो, बहुतेक महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे. तुमच्या पत्राचा मोठा भाग घरच्या अडचणींचा आहे आणि त्या खऱ्या आहेत याबद्दल मला शंका नाही. पण माझी नजर अडली ती शेवटून दुसऱ्या ओळीवर. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात की ‘माझ्या जागेवर आलेले डॉक्टर विनंती बदलीने आले आहेत’. तुमचे प्रकरण त्या ओळीत आहे. दहावी आणि डायलिसिस त्याच्या मागे उभे राहतील, पुढे नाही.

असे का, ते सांगतो. बदली हा सेवेचाच भाग आहे, अमुक ठिकाणीच राहण्याचा हक्क कोणाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पी बोस प्रकरणात १९९१ साली स्पष्ट केले आणि तेव्हापासून प्रत्येक सरकारी वकील पहिले वाक्य तेच म्हणतो. १९९३ च्या अब्बास निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: पती-पत्नीला शक्यतो एकत्र ठेवावे वगैरे जी मार्गदर्शक तत्त्वे असतात, ती अधिकाऱ्याने विचारात घ्यायची असतात, पण त्यांच्या जोरावर बदली रद्द करून मागता येत नाही. म्हणजे ‘मला त्रास होतो’ एवढ्यावर न्यायालय हात घालणार नाही. हात घालते ते तीन ठिकाणी: कायद्यातली तरतूद मोडली असेल, अधिकार नसलेल्याने बदली केली असेल, किंवा आकसाने केली असेल.

महाराष्ट्रात आपल्याला पहिल्या मुद्द्याचा आधार मोठा आहे, कारण आपल्याकडे बदल्यांचा स्वतंत्र कायदाच आहे. नाव लांबलचक आहे, सगळे त्याला २००५ चा बदली अधिनियम म्हणतात. तो १ जुलै २००६ पासून लागू आहे. कलम ३ प्रमाणे गट-अ अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. कलम ४ प्रमाणे तो पुरा होण्याआधी सामान्यतः बदली करायची नाही, आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. कोणाची बदली देय आहे याची यादी जानेवारीतच करायची. तुमचे चौदा महिने झालेत आणि महिना ऑगस्ट आहे. म्हणजे ही बदली मुदतपूर्वही आहे आणि मध्यावधीही. हे दोन शब्द लोक एकच समजतात. एप्रिल-मे सोडून इतर महिन्यात झाली ती मध्यावधी, तिला कलम ४(४) चे परंतुक, म्हणजे त्यातली अपवादाची अट, लागते. तीन वर्षांआधी झाली ती मुदतपूर्व, तिला कलम ४(५) लागते. तुमच्या बदलीला दोन्ही दारांतून जावे लागेल.

या दारांवर पहारा काय आहे? मुदतपूर्व बदली होऊ शकते, पण विशेष बाब म्हणून, कारणे लेखी नोंदवून, आणि लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन. यातला प्रत्येक शब्द मॅटमध्ये वेगळा तपासला जातो. कलम ६ च्या तक्त्यानुसार जुन्या १०,६५०-१५,८५० वेतनश्रेणीच्या खालच्या गट-अ अधिकाऱ्यांच्या बदल्या प्रभारी मंत्री, विभागाच्या सचिवांशी विचारविनिमय करून, करतात. त्या श्रेणीच्या आणि तिच्या वरच्या अधिकाऱ्यांच्या मुख्यमंत्री करतात. साधारण वैद्यकीय अधिकारी पहिल्या वर्गात येतो. त्यामुळे तुमच्या मुदतपूर्व बदलीला मुख्यमंत्र्यांची मान्यता हवी, आणि ती आदेश निघण्यापूर्वीची हवी. ‘पूर्व’ हे अक्षर कायद्यात शोभेला नाही.

मंत्रालयातली नस्ती, म्हणजे फाइल, कशी फिरते हे पाहिले नसेल तर हा मुद्दा कोरडा वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भूलतज्ज्ञाचे प्रकरण माझ्याकडे होते. आदेशात छापले होते: ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने’. वाचणाऱ्याला वाटते, झाले, मान्यता आहे. न्यायाधिकरणाने मूळ नस्ती मागवली. सादरकर्त्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे मॅटपुढच्या सरकारी वकिलांनी, ती उघडली, आम्ही दोघे वाकून वाचू लागलो. टिप्पणीच्या पानावर कक्ष अधिकाऱ्याने लिहिले होते की संबंधिताचा कालावधी पूर्ण झालेला नाही, बदली प्रस्तावित करायची असल्यास विशेष कारणे नमूद करणे आवश्यक राहील. अगदी बरोबर लिहिले होते त्या माणसाने. पुढच्या पानावर कारणांच्या जागी दोन शब्द: ‘प्रशासकीय कारणास्तव’. त्याखाली ‘मान्य’ आणि सही. सर्वांत वरच्या मान्यतेच्या सहीखालची तारीख आदेशाच्या तारखेनंतर पाच दिवसांची. त्या पाच दिवसांवर आमचे प्रकरण उभे राहिले आणि बदली रद्द झाली. त्या डॉक्टरांची मुले कोणत्या इयत्तेत आहेत हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

‘प्रशासकीय कारण’ हे कारण नव्हे. ते कारणाच्या जागी ठेवलेले झाकण आहे. बदली कोणत्या प्रशासकीय गरजेसाठी, तिथे तुमच्याच पात्रतेचा डॉक्टर का लागतो, आणि तीन वर्षे पूर्ण झालेला दुसरा कोणी का नाही, हे नस्तीत दिसले पाहिजे. आणि ते आधीपासून असले पाहिजे. प्रकरण दाखल झाल्यावर शासन प्रतिज्ञापत्रात दोन पाने भरून कारणे लिहिते: तिकडे पद रिक्त होते, रुग्णांची गैरसोय होत होती. पण आदेशाचे समर्थन आदेशाच्या वेळी असलेल्या कारणांवरच करायचे, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे पुरवायची नाहीत, हे तत्त्व मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून, म्हणजे सत्तरच्या दशकापासून ठरलेले आहे.

आता तुमच्या ‘विनंती बदली’च्या ओळीकडे. तुमच्या जागी आलेल्या डॉक्टरांचा आदेश मिळवा. बहुधा तो तुमच्याच आदेशाच्या तक्त्यात वरची किंवा खालची ओळ असेल. त्यापुढे ‘विनंतीवरून’ किंवा ‘बदली प्रवासभत्ता अनुज्ञेय नाही’ असे काही लिहिले आहे का पाहा. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीला प्रवासभत्ता मिळत नाही, त्यामुळे बाकी सगळे शब्द जपून वापरले तरी एवढी ओळ बऱ्याचदा खरे बोलून जाते. त्यांची सोय करण्यासाठी तुम्हाला हलवले असे नस्तीवरून दिसले, तर तुमची बदली ‘विशेष बाब’ राहत नाही. विशेष ठरते ती त्यांची विनंती. दुसऱ्याची विनंती हे तुमचा कालावधी तोडण्याचे कारण होऊ शकत नाही, या मुद्द्यावर मी सर्वाधिक प्रकरणे जिंकलेली आहेत. मात्र त्या डॉक्टरांना अर्जात प्रतिवादी करा. त्यांना न ऐकता त्यांची नेमणूक हलवायला न्यायाधिकरण तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक कागद मागायचा: नागरी सेवा मंडळाचे, म्हणजे बदल्यांची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मंडळाचे, इतिवृत्त. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अशी मंडळे नेमायला सांगितले, आणि २०१४ मध्ये आपल्या राज्यात ती नेमली गेली. तुमचे नाव मंडळापुढे गेले होते का? गेले असेल तर बैठक झाली की नुसता कागद टेबलावरून टेबलावर फिरवून सह्या घेतल्या? मंडळाने शिफारस केली नसताना वरून नाव घातले गेले असेल तर का, हे लिहिले आहे का? मंडळाची शिफारस बंधनकारक नसते, पण ती डावलताना कारण द्यावे लागते.

तुमच्याविरुद्ध तक्रार होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. हे आठवून पाहा, आणि वकिलापासून काही लपवू नका. रुग्णाच्या नातेवाइकाची, परिचारिकांची, स्थानिक कार्यकर्त्याची, कोणतीही. सामान्य प्रशासन विभागाचे ११ फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक सांगते की तीन वर्षे न झालेल्या कर्मचाऱ्याची बदली केवळ तक्रार आली म्हणून करू नये. आधी अहवाल घ्यावा, तथ्य आढळले तर त्याला तिथे ठेवणे योग्य आहे की नाही ते ठरवावे, शिस्तभंगाची कारवाई करावी. सोमेश तिवारी प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या ऐवजी केलेली बदली टिकू दिली नाही. म्हणजे तक्रार असणे तुमच्या बाजूचेही ठरू शकते. पण ती आम्हाला सरकारच्या उत्तरातून पहिल्यांदा कळली, तर आम्ही उघडे पडतो.

मॅट तुमचेच दार आहे ना, याची खात्री प्रत्येक डॉक्टरने आधी करावी, कारण मुंबईत एका किलोमीटरच्या आत चार वेगवेगळ्या मालकांचे डॉक्टर काम करतात. राज्याच्या आरोग्य सेवेतले आणि जे. जे. सारख्या राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले कायम डॉक्टर मॅटकडे येतात. केईएम, सायन, नायर ही रुग्णालये महापालिकेची. तिथल्या डॉक्टरांना २००५ चा अधिनियम लागू नाही आणि मॅटही नाही. त्यांचा मार्ग मुंबई उच्च न्यायालय. केंद्र सरकारच्या दवाखान्यांतले केंद्रीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जातात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी डॉक्टरांचे सगळे करारावर अवलंबून. तुम्ही गट-अ कायम आहात, त्यामुळे मॅटचे मुंबईतले पीठ. राज्याच्या कर्मचाऱ्याला थेट उच्च न्यायालयात जाता येत नाही, एल. चंद्रकुमार निकालाने (१९९७) पहिली पायरी न्यायाधिकरणाची ठरवली, आणि तिथे हरलात तर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे रिट याचिका.

रुजू व्हावे की नाही? इथे परिस्थितीवर फार काही अवलंबून आहे, तरी मी माझ्या पक्षकारांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. अर्ज दाखल करायला कायद्याने एक वर्ष आहे, पण बदलीच्या प्रकरणात खरी मुदत दिवसांत मोजायची. स्थगिती मागताना पहिला प्रश्न येतो: कार्यमुक्त झालात का, आणि तुमच्या जागी कोणी रुजू झाले का? तुमच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याचेही ‘हो’ असले तर अंतरिम स्थगिती अवघड होते. न्यायाधिकरण सहसा म्हणते, अर्ज लवकर अंतिम सुनावणीला घेऊ. म्हणून कार्यमुक्तीच्या आदेशावर तो मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहूनच सही करायला हवी होती. ईमेलने आला असेल तर तो ईमेल जपा. त्याच दिवशी एक पानाचे निवेदन विभागाला द्यायचे, त्याची पोच घ्यायची, आणि उत्तराची वाट न पाहता दोन-तीन दिवसांत अर्ज दाखल करायचा.

स्थगिती मिळाली नाही आणि पदग्रहण अवधी, म्हणजे नव्या जागी रुजू व्हायला मिळणारे दिवस, संपत आला, तर नंदुरबारला रुजू व्हा. रुजू अहवालातच लिहा की न्यायाधिकरणातील माझा हक्क राखून रुजू होत आहे. रुजू झाल्याने अर्ज बुडत नाही. घरी बसल्याने मात्र बुडू शकतो. गुजरात वीज मंडळाच्या १९८९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले होते की नुसते निवेदन दिले म्हणून बदलीचा आदेश न पाळण्याची मुभा मिळत नाही. आणि आजारपणाचे खोटे प्रमाणपत्र घेऊ नका, हे मी डॉक्टरला सांगतो आहे याचे मला वाईट वाटते, पण सांगावे लागते. माझ्या एका पक्षकार डॉक्टरांनी मित्राकडून कंबरदुखीचे प्रमाणपत्र घेतले, विभागाने त्यांना वैद्यकीय मंडळाकडे पाठवले, मंडळाने त्या धडधाकट असल्याचे लिहिले. त्यांचा मूळ मुद्दा चांगला होता. सुनावणीत तो मांडायला मला दहा मिनिटे मिळाली आणि प्रमाणपत्राचा खुलासा करण्यात अर्धा तास गेला.

कार्यभार अडवून धरू नका. वॉर्डातल्या नार्कोटिक औषधांच्या कपाटाची किल्ली, मेडिको-लीगल नोंदवही, प्रलंबित शवविच्छेदन अहवाल, हे सगळे यादी करून, सही घेऊन द्या. तुमच्या भांडणात रात्रीच्या पाळीतल्या रुग्णाला मॉर्फिन मिळाले नाही, असे होता कामा नये. शिवाय कार्यभार सोपवणे म्हणजे बदली मान्य करणे नव्हे.

आमदारांचे पत्र आणू नका. वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणणे हेच गैरवर्तन आहे. आणि व्यवहार पाहा: समोरच्या डॉक्टरांच्या नस्तीत लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र सापडले तर तो आपला सर्वांत मोठा मुद्दा असेल. तुमच्याही नस्तीत तसेच पत्र निघाले की तो मुद्दा मांडायला माझ्याकडे तोंड उरत नाही.

घरच्या अडचणी मग कुठे घालायच्या? निवेदनात घाला, पुराव्यासह. आईच्या डायलिसिसचे केंद्राचे पत्र, त्यात आठवड्याचे वार, मुलाच्या शाळेचा दाखला, पतीच्या नोकरीचा. समुपदेशनाने, म्हणजे बोलावून पसंती विचारून, बदल्या करण्याचे धोरण ९ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने आणले, त्यात अशा कारणांना प्राधान्याची जागा आहे. ते धोरण तुमच्या संवर्गाला लागू असेल आणि तुम्हाला समुपदेशनाला बोलावलेच नव्हते, पसंतीक्रम विचारलाच नव्हता, तर ते अर्जात लिहा. मुख्य मुद्दा टिकला की या गोष्टी न्यायाधिकरणाचे मन वळवतात. आणि मुख्य मुद्दा पडलाच, तरी ‘नंदुरबारऐवजी ठाणे, पालघर, रायगडमधल्या रिक्त पदाचा विचार करावा’ अशी पर्यायी मागणी त्यांच्यावर उभी राहते. ही पर्यायी मागणी लिहायला वकील विसरतात. तुम्ही आठवण करा. कार्यमुक्तीपासून निकालापर्यंतचा काळ कर्तव्यकाळ, म्हणजे कामावर असल्याचा काळ, धरावा, हीही मागणी त्याच वेळी लिहायची. नंतर पगारासाठी दुसरे प्रकरण करावे लागू नये.

वैद्यकीय महाविद्यालयातले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्याकडे ‘बदली’ हा शब्दच टाळला जातो. नव्या महाविद्यालयाची तपासणी आली की अध्यापकांना ‘तात्पुरत्या स्वरूपात’, ‘पुढील आदेशापर्यंत’ तिकडे पाठवतात, वेतन मात्र मूळ संस्थेतून. अधिनियमातली व्याख्या मात्र सोपी आहे: एका पदावरून, कार्यालयातून किंवा विभागातून दुसऱ्या पदावर, कार्यालयात किंवा विभागात नेमणूक म्हणजे बदली. आदेशाला काय नाव दिले यापेक्षा त्याने काय घडले हे आम्ही दाखवतो. आठवडाभराच्या तपासणीसाठी गेलात तर ती बदली म्हणणे ताणल्यासारखे होईल. आठ महिने झाले, तिथल्या हजेरीयंत्रावर तुमची नोंद होते, इथल्या तुमच्या जागेवर दुसरे कोणी बसले, तर ती बदलीच आहे आणि तिला कलम ४ चा पहारा लागतो. इकडे विद्यार्थी शिक्षकाविना, तिकडे कागदावर शिक्षक पूर्ण, हे मला फार अस्वस्थ करते.

एक हरलेले प्रकरणही सांगतो, कारण प्रत्येक बदली लढवण्याजोगी नसते. एका डॉक्टरांची तीन वर्षे दोन महिने झाली होती, आदेश मे महिन्यातला, नाव यादीत, मंडळाची शिफारस स्वच्छ. मुलगी बारावीत, म्हणून त्यांना लढायचे होते. मी नको म्हटले, त्यांनी आग्रह धरला, मी चालवले आणि आम्ही पहिल्याच तारखेला हरलो. त्यांची जिथे बदली झाली होती त्या ग्रामीण रुग्णालयात दीड वर्ष स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता, हे सरकारी उत्तरात होते आणि ते खरे होते. तुमची तीन वर्षे झाली असती, डॉक्टर, तर मी तुम्हालाही जा असेच सांगितले असते. नंदुरबारच्या बाईलाही रात्री दोनला डॉक्टर हवाच असतो. पण तिच्यासाठी डॉक्टर पाठवायचा तर तो नियमाने, पाळीने पाठवावा. कोणाची तरी मुंबईची सोय करायला दुसऱ्याला उचलून तिथे टाकायचे आणि तिचे नाव पुढे करायचे, ही तिचीही फसवणूक आहे, कारण असा पाठवलेला डॉक्टर सहा महिन्यांत ओळख शोधून परत येतो आणि पद पुन्हा रिकामे होते.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. नस्तीतल्या टिप्पण्या, मंडळाचे इतिवृत्त आणि मान्यतेची तारीख असलेले पान मागा. उत्तराला तीस दिवस लागतील, त्यासाठी मॅटचा अर्ज थांबवू नका, कारण न्यायाधिकरण नस्ती स्वतःही मागवू शकते. वकिलाकडे जाताना रुजू झाल्याचा मूळ अहवाल, बदली आदेश पूर्ण तक्त्यासह (फक्त तुमच्या नावाचा उतारा नको), कार्यमुक्तीचा आदेश, निवेदनाची पोच आणि गेल्या दोन वर्षांचे गोपनीय अहवाल घेऊन जा. आणि त्याआधी एक फोन करून तुमच्या जुन्या रुग्णालयातून एवढेच विचारा: नवे डॉक्टर हजेरीपटावर सही करायला लागले का, आणि कोणत्या तारखेपासून.